व्हर्न टिबेट्सविरुद्ध व्हर्न टिबेट्स

खरं बोलायला माणसाला किती वेळ लागावा? व्हर्न टिबेट्सला पाच आठवडे लागले, आणि त्या पाच आठवड्यांत तो एक दिवसही गप्प बसला नव्हता, हे विशेष. तो भेटेल त्याला खरं सांगत होता. ते लिहून घ्यायला मात्र कोणी तयार नव्हतं.

व्हर्न हा टॅमरॅक जिल्ह्याचा वजनमापे निरीक्षक. त्याच्या खात्यात माणसं किती, तर एक. निरीक्षक तोच, निरीक्षकाचा वरिष्ठ तोच, आणि हिवाळ्यात कचेरीच्या दारातला बर्फ फावड्याने ओढणाराही तोच. दुकानांतले काटे, पंपावरची मापं, जळाऊ लाकडांचे ढीग, सगळं त्याने तपासायचं. बरोबर असेल तर हिरवा शिक्का चिकटवायचा, नसेल तर लाल. हे काम त्याने पंचवीस वर्षं इतक्या मनापासून केलं होतं, की घरी कोणाच्या वाढदिवसाचा केक कापला तरी तुकडे सारखे पडलेत का हे तो डोळा बारीक करून बघायचा, आणि त्याची बायको लॉरेटा सुरी आपटून आत निघून जायची.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो ॲश क्रीकच्या बंबखान्यात गेला. गोठलेल्या तळ्यावरची मासेमारीची स्पर्धा फेब्रुवारीत असते. ती गावातले हौशी बंबवाले भरवतात, आणि माशांचं वजन होतं ते बंबखान्यातल्या काट्यावर. गेली तीन वर्षं तळं धड गोठलंच नव्हतं, त्यामुळे स्पर्धाही नव्हती. यंदा बर्फ चांगला हातभर जाड झाला होता आणि गाव आनंदात होतं.

व्हर्नने पंचवीस पौंडांचं वजन काट्यावर ठेवलं. काटा साडेसव्वीसवर गेला. त्याने वजन उचललं, पुसलं, पुन्हा ठेवलं. साडेसव्वीस. दोन वजनं ठेवली, तेव्हा त्रेपन्न.

"बड, हा काटा जास्त दाखवतोय."

बड गिलफॉयल म्हणजे बंबवाल्यांचा म्होरक्या. तो कॉफीचा कप हातात घेऊन आला, काट्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "त्रेपन्न? म्हणजे ती गिरणी उदार नाही?"

"कुठली गिरणी?"

बडने भिंत दाखवली. बंबखान्यात गावासाठी होणाऱ्या पॅनकेकच्या न्याहारीसाठी येणारं पिठाचं प्रत्येक पोतं तो या काट्यावर मोजून घ्यायचा आणि भिंतीवर पेन्सिलीने लिहायचा. 'पन्नासचं पोतं, भरलं त्रेपन्न.' खाली पुन्हा, 'भरलं त्रेपन्न.' अशा ओळीच्या ओळी होत्या. "तीन पौंड फुकट येतात म्हणून आम्ही त्या गिरणीला दर नाताळला आभाराचं कार्ड पाठवतो रे! सगळे सह्या करतात!"

व्हर्नचं लक्ष कार्डाकडे नव्हतं. भिंतीवरची सगळ्यात वरची तारीख चार वर्षांपूर्वीची होती, शेवटच्या स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यातली. म्हणजे स्पर्धेच्या दिवशीही काटा असाच होता. आणि काट्याच्या बाजूला त्या दिवसाचा हिरवा शिक्का होता, त्यावर त्याच्याच वळणदार अक्षरात: 'तपासला. बरोबर. व्ही. टिबेट्स.'

त्याने काटा तपासला नव्हता. त्या सकाळी पारा शून्याच्या खाली पंचवीस होता, वजनांच्या पेट्या गाडीच्या डिकीत होत्या, डिकीचं झाकण गोठून बसलं होतं, आणि आत पॅनकेकवर मेपलचा पाक ओतला जात होता. त्याने काट्याकडे एकदा बघितलं, काटा शून्यावर होता, सज्जन दिसत होता. त्याने शिक्का चिकटवला आणि जाऊन चार पॅनकेक खाल्ले.

त्याच दुपारी त्या काट्यावर एकतीस पौंड चार औंसांचा पाईक मासा चढला आणि चौतीस वर्षांचा विक्रम मोडला. जुना विक्रम होता आयोन पेल्कीबाईंचा, तीस पौंड दोन औंस, आणि तो गिरणीच्या मोठ्या काट्यावर मोजलेला. गावाच्या वेशीवरच्या पाटीवरून त्यांचं नाव खरवडून काढलं आणि नवं रंगवलं. व्हर्नने तिथेच कागदावर हिशेब मांडला. नव्या माशाचं खरं वजन जेमतेम साडेएकोणतीस भरत होतं.

"मग झालं काय त्यात?" बड म्हणाला. "लाल शिक्का लाव आणि आजपासून बिघडला म्हणून लिही. भिंत मी उद्या रंगवून टाकतो. नाहीतरी रंगवायचीच होती."

"भिंतीला हात लावलास तर बघ," व्हर्न म्हणाला, आणि भिंतीचे फोटो काढून घेतले.

आता त्या नव्या विक्रमवीराचं नाव सांगायला हवं. नॉर्बर्ट क्विग. लॉरेटाचा थोरला भाऊ, म्हणजे व्हर्नचा सख्खा मेहुणा. शिवाय गावातल्या एकुलत्या एक खानावळीचा मालक. शिवाय गावाच्या वतीने जिल्हा मंडळावर निवडून गेलेला सभासद. एका माणसात एवढी माणसं असू नयेत, पण लहान गावांना काटकसर करावी लागते.

"तू काही बोलणार नाहीस," लॉरेटा म्हणाली. "नॉर्बर्टने तो मासा पेंढा भरून खानावळीत टांगलाय. त्याच्यावर वेगळा दिवा सोडलाय. स्वतःच्या लग्नाचा फोटो कपाटात आहे त्याच्या."

"मी खोटं लिहिलं, लॉरेटा."

"एकदा! पंचवीस वर्षांत एकदा! लोक नवराबायकोच्या बाबतीतसुद्धा एवढं धरून बसत नाहीत."

"एकदाच, म्हणूनच. दहादा केलं असतं तर सवय झाली असती."

दुसऱ्या दिवशी तो जिल्हा कचेरीत गेला. खिडकीत ओडेट फॅरार होती. ही बाई तीस वर्षं अर्ज घेत होती आणि कोणाच्याही तोंडाकडे न बघता त्याला कुठल्या रंगाचा कागद लागणार हे ओळखायची.

"तक्रार कोणाविरुद्ध?"

"व्हर्नन टिबेट्स."

"तक्रार करणारा?"

"व्हर्नन टिबेट्स."

ओडेटने प्रथमच मान वर केली. "राजीनामा हवाय का? तो पिवळा."

"राजीनामा नाही. चूक कबूल करायची आहे."

"सहकाऱ्याने केलेल्या गैरप्रकाराचा आहे माझ्याकडे. वरिष्ठाने केलेल्याचा आहे. हाताखालच्याने केलेल्याचा तर गठ्ठाच आहे. स्वतः केलेल्याचा नाही. आजवर कोणी मागितलाच नाही."

शेवटी साध्या तक्रारीचा अर्ज भरायचं ठरलं, पण दोन्ही रकान्यांत एकच नाव संगणक घेईना. लाल अक्षरं आली की दोन पक्ष वेगळे असावेत. ओडेटने चष्मा पुसला आणि एकीकडे 'व्हर्नन', दुसरीकडे 'व्हर्न' लिहिलं. संगणकाचं समाधान झालं. "आता हा अर्ज खात्याच्या प्रमुखाकडे जाणार," ती म्हणाली, आणि खिडकीतून हात लांब करून अर्ज परत व्हर्नच्याच हातात दिला.

व्हर्न हा नियमाने चालणारा माणूस. त्याने नियमांचं पुस्तक काढलं. चौकशी करणाऱ्याने आरोपीला दहा दिवसांत पोचपावतीच्या पत्राने कळवावं, आणि उत्तर येईपर्यंत त्याच्याशी तोंडी संपर्क ठेवू नये. हे त्याने इतकं मनावर घेतलं की दाढी करताना आरशात बघणं टाळलं आणि दोन वेळा हनुवटी कापून घेतली. पत्र पोस्टात टाकलं. चौथ्या दिवशी ते घ्यायला तो स्वतःच पोस्टात गेला.

"ओळखपत्र दाखव," पोस्टमास्तर हायरम म्हणाला.

"हायरम, तिसरीत आपण एका बाकावर होतो."

"पाठवणारा तू, घेणारा तू. सरकारी पत्र आहे. मी संशय घ्यायचा नाही तर कोणी घ्यायचा?"

व्हर्नने ओळखपत्र दाखवलं. मनातून त्याला हायरमचा अभिमान वाटला, पण अपमानही झालाच होता. पत्राचं उत्तर त्याने त्याच टेबलावर उभ्याउभ्या लिहिलं: आरोप मान्य. आणि जिल्हा मंडळापुढे प्रकरण मांडायची मागणी केली.

गावात बातमी फुटायला पोस्टाची खिडकी पुरते. पण फुटली ती भलत्याच रूपाने. धडधाकट माणूस आपणहून आपल्या चुका सांगत सुटलाय, म्हणजे डॉक्टरांनी त्याला काहीतरी वाईट सांगितलं असणार, असा गावाने अर्थ लावला. आणि कोणाच्या घरी आजार शिरला की ॲश क्रीकमध्ये एकच गोष्ट होते. शेजारीपाजारी काचेच्या भांड्यात शेवया, मासा आणि चीज घालून भाजतात आणि दारात आणून ठेवतात. तीन दिवसांत टिबेट्सांच्या दारात सात भांडी आली.

"ही ठेवता येणार नाहीत," व्हर्न म्हणाला. "सरकारी नोकराचं प्रकरण चालू असताना भेटवस्तू!"

"व्हर्न, शेवया आहेत त्या."

"लाच काय फक्त पैशांची असते?"

तो सातही भांडी घेऊन घरोघर परत करत हिंडला. समोरची फ्रॅन दारातच रडायला लागली. "मीठ जास्त झालं होतं का रे? स्पष्ट सांग." व्हर्नने सांगितलं की मी आजारी नाही, मी फक्त खोटं बोललो होतो. "असं रे काय बोलतोस," फ्रॅन म्हणाली, "धीर धर," आणि पुन्हा भांडं त्याच्या हातात द्यायला लागली. सातांपैकी चार घरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. गंमत अशी की पंचवीस वर्षं दुकानदारांचे काटे नापास करून त्याने जेवढी माणसं दुखावली नव्हती, तेवढी त्या दुपारी दुखावली.

नॉर्बर्ट मात्र खऱ्या कारणासकट सगळं जाणून होता. तो घरी आला तो कोटही न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला.

"काय जावईबापू, माझ्या माशाला उपाशी मारताय म्हणे? पावणेदोन पौंड उतरवलंत त्याचं वजन, तेही मेल्यावर!"

"मासा तुझाच आहे, नॉर्बर्ट. पकडलास तूच. वजन माझं चुकीचं आहे."

"लोक साठ मैलांवरून तो मासा बघायला येतात. त्यांना काय सांगू? बसा, हा दुसरा नंबर?" मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "मंगळवारच्या बैठकीत तुझा सत्कार ठेवलाय. पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल. मीच सुचवला होता. तू मला तोंडावर पाडणारेस."

खरं सांगायचं तर त्या रात्री त्याला वाटलंही, की जाऊ दे. पण वाटलं आणि लगेच स्वतःचा राग आला, आणि राग आला की व्हर्नला बरं वाटायचं.

सोमवारी तो आयोनबाईंकडे गेला. बाई आता एक्क्याऐंशीच्या. आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. व्हर्नच्या ताटात मटार वाढलेले त्यांनीच, आणि मटार खाल्ल्याशिवाय उठू न दिलेलंही त्यांनीच. त्यांनी त्याला बसवलं, पण कॉफी विचारली नाही. तो टोपी हातात फिरवत सगळं बोलला.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या.

"बडने सांगितलं?"

"बड काय सांगणार. त्या दिवशी तव्यापाशी मी होते, व्हर्नन. खिडकीतून दिसत होतास. आलास, शिक्का चिकटवलास आणि ताट घेऊन माझ्यापुढे उभा राहिलास. चार पॅनकेक मीच वाढले तुला."

व्हर्नला कुठे बघावं कळेना. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"संध्याकाळी माझंच नाव पाटीवरून उतरलं. मग काय बोलू? म्हातारी हरली म्हणून कांगावा करते, असं म्हणाले असते सगळे. तुझा शिक्का होता ना तिथे. तुझ्या शिक्क्यापुढे माझ्या डोळ्यांना कोण विचारतो?"

"मी माफी मागायला आलोय, मिसेस पेल्की."

"ती इथे मागू नकोस," बाई ताडकन म्हणाल्या. "माझ्या स्वयंपाकघरात मी, तू आणि मांजर. खोटं लिहिलंस चारचौघांत. खरं या टेबलावर सांगून सुटतोस होय? जा आता. उद्या येते मी बैठकीला, तेव्हा बोल."

मंगळवारी जिल्हा मंडळाच्या सभागृहात कधी नव्हे ती गर्दी झाली. अध्यक्ष मर्टन स्लेड हा मवाळ माणूस. कोणाचंही मन न दुखवता तो बारा वर्षं निवडून येत होता. त्याने आधीच तोड काढून ठेवली होती. ओडेटने ठराव वाचला: 'अतिथंडीमुळे बंबखान्याच्या काट्यात दोष उत्पन्न झाल्याचे आढळले असून, श्रीमती पेल्की यांचा विक्रम पूर्ववत करण्यात येत आहे. दोष निदर्शनास आणल्याबद्दल निरीक्षक टिबेट्स यांचे अभिनंदन.'

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंचं नाव परत आलं, कोणाची नोकरी गेली नाही, आणि सगळा दोष थंडीवर गेला, जिला मत देता येत नाही. स्लेड सत्काराचा चौकटीतला कागद घेऊन उठला. नॉर्बर्टसुद्धा मान खाली घालून टाळ्या वाजवत होता. लॉरेटाने व्हर्नच्या कोटाची बाही धरली होती, ती घट्ट धरून ठेवली.

व्हर्न बाही सोडवून उभा राहिला.

"हे खोटं आहे," तो म्हणाला.

"व्हर्न," स्लेड हसत म्हणाला, "अरे, सगळं तुझ्या मनासारखंच झालंय. बाईंना न्याय मिळाला."

"त्यांचा मासा त्यांना मिळाला. माझं काय? थंडीने काय केलं मर्टन? काटा चुकला होता, बस्स. काटा चुकतोच, म्हणून तर मला पगार देता. खोटं काट्याने नाही सांगितलं. खोटं मी सांगितलं. 'तपासला' असं लिहिलं आणि तपासला नव्हता. का? तर गार वाजत होतं आणि भूक लागली होती. एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर मलाही बरं वाटलं असतं."

"आता कशाला उकरून..."

"कशाला म्हणजे? या बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. चार वर्षं त्या गप्प राहिल्या, कारण त्यांच्या बोलण्यापेक्षा माझा शिक्का खरा धरला गेला असता. गावातला प्रत्येक माणूस तेल भरताना, मांस घेताना त्या हिरव्या कागदाकडे बघतो आणि पुढचं बघत नाही. तो कागद कोणी उगाच मानत नाही, मर्टन. माझ्या भरवशावर मानतात. तेव्हा ठराव लिहायचा तर माझ्या नावाने लिहा. नाहीतर तो सत्काराचा कागद ठेवा तुमच्यापाशी. भिंतीवर लावायला मला दुसरं खोटं नको."

स्लेडच्या हातातली चौकट खाली आली. "दुरुस्ती मांडायची तर नियमाप्रमाणे," तो पुटपुटला, "सभासदाचं अनुमोदन लागेल. आहे कोणाचं?"

अकराही सभासद टेबलाकडे बघत राहिले. खुर्च्या करकरल्या. व्हर्न उभाच होता. त्याचे कान लालभडक झाले होते, पण तो बसला नाही.

"माझं," नॉर्बर्ट म्हणाला.

लॉरेटाने तोंडावर हात ठेवला. नॉर्बर्ट एवढा चिडून उठला की त्याची खुर्ची मागे पडली. "या माणसाने माझी झोप घालवलीय. याचं तोंड बघायची मला इच्छा नाही. पण त्या माशावर दिवा मी सोडलाय, मी! जे येईल त्याला मी सांगितलं, सरकारी शिक्का आहे, शंका नको. चार वर्षं याने माझ्या तोंडून खोटं बोलवलं, आणि आता तुम्ही म्हणता थंडी? थंडी कशी काय? लिही ओडेट. याचं नाव लिही. स्पेलिंगसकट."

सात विरुद्ध चार मतांनी दुरुस्ती मंजूर झाली.

"वाचून दाखव," मागून आयोनबाईंचा आवाज आला.

ओडेटने वाचलं: "निरीक्षक व्हर्नन टिबेट्स यांनी काटा न तपासता तपासला असे लिहिले. हे खोटे होते."

"जरा मोठ्याने," बाई म्हणाल्या. "मागे ऐकू येत नाही." ओडेटने पुन्हा वाचलं. बाईंनी मान हलवली, कोट घातला आणि कोणाशी न बोलता निघून गेल्या.

मंडळाने व्हर्नला महिनाभर कामावरून दूर केलं. सत्काराचा कागद परत कपाटात गेला. स्पर्धेच्या शनिवारी तो तळ्यावर गेला तो साध्या माणसासारखा, कानटोपी घालून, लॉरेटाच्या शेजारी गर्दीत उभा. नॉर्बर्ट दहा हातांवर होता आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होता. पुढच्या रांगेत घडीच्या खुर्चीवर, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन आयोनबाई बसल्या होत्या.

नवा काटा तपासायला शेजारच्या जिल्ह्याची निरीक्षक आली होती, रोझलिन टक्ट नावाची, नोकरीला अजून वर्ष व्हायचं होतं. वारं अंगात घुसत होतं. तिने हातमोजे काढून पाच पौंडांचं वजन ठेवलं, लिहिलं. दहाचं ठेवलं, लिहिलं. लोक पाय आपटायला लागले.

"अहो बाई, मासे वितळतील!" कोणीतरी ओरडलं. "चिकटवा की तो शिक्का!"

"दिसतोय ना काटा नवा कोरा!" बड म्हणाला. "न्याहारी गार होतेय सगळ्यांची!"

पोरगी गांगरली. तिची बोटं लाल झाली होती. तिने वजनांच्या पेटीकडे बघितलं, अजून निम्मी वजनं आत होती. मग तिने शिक्क्यांच्या गठ्ठ्याकडे बघितलं आणि तिचा हात तिकडे गेला.

"खबरदार!" गर्दीतून व्हर्न गरजला. लॉरेटा दचकून बाजूला झाली. "सगळी ठेव! एकेक ठेव! ज्याला थंडी वाजतेय त्याने घरी जावं, ज्याला भूक लागलीय त्याने आत जाऊन खावं! तुला कोणी घाई केली तर माझं नाव सांग, मी काय केलं होतं ते सांग, मंडळाच्या ठरावात छापून आलंय ते!"

मग नॉर्बर्टने दुसरीकडेच बघत, कोणाला उद्देशून ते कळू न देता, करड्या आवाजात म्हटलं, "ऐकलं ना? थांबा सगळे."

रोझलिनने शिक्के खिशात घातले. काट्यावरची वजनं उतरवली, बोटांवर फुंकर मारली, आणि पाच पौंडांपासून पुन्हा पहिल्याने सुरुवात केली.